मेस्त्रींचे पांगाऱ्याचे पंख

मेस्त्रींनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलायच्या आधी माझ्या टेबलाला शिव्या घातल्या. मी आमच्या संस्थेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. समोर एक काळासावळा, वाळक्या अंगाचा माणूस येऊन उभा राहिला. त्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सांध्यापाशी थांबवला आणि म्हणाला, "ह्यां कोणी केल्यान? मेल्याचो हात मोडलो होतो काय?"

मला राग यायला फारसा वेळ लागत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला टेबल हवंय की माणूस?"

"माणूस व्हयो. विमानाचां शिकवणारो."

"तो मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती, आणि अंधेरीच्या त्या खासगी संस्थेत विमानदुरुस्ती शिकायला येणारी पोरंसुद्धा पहिल्या दिवशी माझ्याकडे असंच बघायची. पण मेस्त्री लगेच सावरले. हात जोडून म्हणाले, "माफ करा बाईनू. माका येकच विचारूचा आसा. विचारतंय आणि जातंय."

ते गेले मात्र दीड वर्षाने.

मेस्त्री मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं वर्सोव्यात होड्या बांधायच्या आणि दुरुस्त करायच्या, हा त्यांचा धंदा. कोळीवाड्यात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. त्यांचं खरं नाव मला कळलं ते सरकारी पाकिटावर. लाकडाकडे ते डोळ्यांनी बघायचेच नाहीत, अंगठ्याने बघायचे. फळीवरून अंगठा असा सावकाश न्यायचे, की फळीला गुदगुल्या होतील. म्हणायचे, "लाकूड खोटां बोलणा नाय. माणूस बोलता." कोळी लोक त्यांच्या तोंडाला घाबरायचे आणि हाताला मानायचे. मेस्त्रींनी पास केलेली होडी कुणी दुसऱ्याला दाखवायला नेत नसे.

त्यांनी त्या दिवशी पिशवीतून जे पाकीट काढलं, त्यात वायुदलाचं एक पत्र होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा दिनकर, सगळ्यांचा दिनू, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकला, परीक्षा देत देत वायुदलात गेला आणि लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. उत्तरेकडच्या कुठल्याशा तळावर विमान उतरवताना धावपट्टीच्या थोडं अलीकडे विमानाचं नाक एकदम वर गेलं आणि ते शेपटीवर कोसळलं. चोवीस वर्षांचा पोर. पत्रात शोकाचे चार शब्द होते आणि शेवटी कारण लिहिलं होतं : वैमानिकाची चूक. मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण ते दोन शब्द त्यांना पाठ होते. "पायलट एरर" असं ते म्हणायचे, आणि म्हणताना तोंड कडू झाल्यासारखं करायचे.

"बाईनू, माका इतक्याच सांगा. तां नाक माझ्या झिलान वर केल्यान, की विमानान आपणहून केल्यान?"

आता मी काय करायला हवं होतं? चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून पाठवून द्यायला हवं होतं. पण मी तशी नाही. मला प्रश्न आवडला. देवाशपथ, त्या क्षणी मला समोरचा बाप दिसलाच नाही, प्रश्न दिसला. मी फळ्यावर चित्र काढलं. म्हटलं, बघा मेस्त्री, तुमच्या दिनूच्या विमानाचे पंख सरळ बाजूला नसतात, मागे झुकलेले असतात, बाणासारखे. वेगात ते उत्तम. पण उतरताना वेग कमी करावा लागतो, नाक थोडं उचलावं लागतं, आणि तेव्हा असल्या पंखांचा भरवसा नसतो. आधी त्यांची टोकं दगा देतात. टोकं असतात मागच्या बाजूला. म्हणजे मागचा आधार गेला, पुढचा राहिला. मग नाक आपोआप वर जातं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फळ्यार काय्येक दाखवता येता. माका लाकडात दाखवा."

म्हणून सुरू झालं ते. आमच्या वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक प्लायवूडची लांब पेटी होती. एका टोकाला मोठा पंखा, मध्ये काचेची खिडकी. पोरं तिला 'वाऱ्याची पेटी' म्हणायची. मेस्त्रींनी आल्या आल्या तिचे सगळे सांधे खोलले आणि शिव्या देत नव्याने बसवले. मग विमानं करायला घेतली, पांगाऱ्याची. पांगारा हलका, आमच्या कोकणात त्याची खेळणी करतात. हातभर लांबीचं विमान, तासून तासून पंख असे पातळ केलेले की उजेड आरपार दिसावा. मी पुस्तकातली मापं द्यायचे. ते माप बघायचे, अंगठ्याने पंख बघायचे, आणि पुष्कळदा म्हणायचे, "तुमचा पुस्तक अर्धी रेघ चुकता." दोनदा मी पडताळून पाहिलं. दोन्ही वेळा माझंच गणित चुकलं होतं.

आठवड्यातून तीनदा ते वर्सोव्याहून चालत यायचे. बसला पैसे नव्हते असं नाही. चालताना विचार करता येतो म्हणायचे. इकडे कोळीवाड्यात त्यांच्या दारात होड्या उपड्या पडून राहिल्या. पावसाळा सरत आला, नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात जायची वेळ आली आणि मेस्त्री पांगारा तासत बसलेले. मालक यायचे, आधी आर्जवं करायचे, मग ओरडायचे, मग होडी उचलून दुसऱ्याकडे न्यायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आढ्याला, खिडकीला, दोरीवर, सगळीकडे विमानं लटकलेली. त्यांच्याखाली मेस्त्रींच्या पत्नी, काकी, सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बाईनू, झील गेलो, तो काय परत येवचो नाय. पण माझो घोव तरी माका परत द्या." मी म्हटलं, "काकी, एकदा त्यांना उत्तर मिळालं की सगळं ठीक होईल." किती शहाणी होते मी! अठ्ठावीस वर्षांची.

उत्तर मिळालं तो दिवस मला लख्ख आठवतो. पंखांवर आम्ही लोकरीचे बोटभर धागे चिकटवले होते, वारा कुठे जातो ते कळावं म्हणून. विमान एका विणायच्या सुईवर तोललेलं होतं, नाक खाली-वर व्हायला मोकळं. पंखा चालू केला. धागे सरळ मागे झोपले. शेपटी जराशी वळवून नाक थोडं उचललं. धागे तिरपे झाले, पंखाच्या टोकांकडे धावायला लागले. आणखी थोडं उचललं. टोकाचे धागे वेड्यासारखे फडफडले, उलटे फिरले, आणि कुणी हात न लावता विमानाने नाक वर केलं ते पेटीच्या छपराला आपटलं.

मेस्त्री मागे सरकले. "ह्यां कोणी केल्यान?"

"कुणी नाही. आपोआप."

"परत करा."

परत केलं. दहा वेळा, वीस वेळा केलं. प्रत्येक वेळी तेच. विसाव्या वेळेनंतर मेस्त्रींनी पेटीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागले. "माझ्या झिलान नाय केल्यान. बाईनू, बघितलात मा? माझ्या झिलान नाय केल्यान." मीसुद्धा रडले. रडता रडता मला पुरतं माहीत होतं की गोष्ट इथे संपत नाही. नाक आपोआप वर जातं हे खरं, पण ते जायला लागलं की वैमानिकाने लगेच हातातली दांडी, म्हणजे स्टिक, पुढे ढकलून नाक खाली आणायचं असतं, हेही खरं. या विमानांवर जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवसापासून घोकवतात. हे मी मेस्त्रींना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांचं ते तोंड बघून माझी जीभच उचलली नाही.

पुढच्या आठवड्यात तर त्यांनी कमालच केली. आपल्या मनानेच पंखावर पुढून मागे अशा दोन-दोन उभ्या पट्ट्या चिकटवून आणल्या. म्हणाले, "वारो टोकाक धावता ना? त्येका वाटेत आडवलंय." पेटीत ठेवलं तर नाक खरंच उशिरा उचललं. मी कपाटातून पुस्तक काढून चित्र दाखवलं. खऱ्या विमानांच्या पंखांवर अगदी तशाच पट्ट्या असतात, कुंपणासारख्या. मला वाटलं खूश होतील. ते पांढरेफटक पडले. "म्हणजे त्येंका म्हायत होतां! ह्या विमान असा करता, तां म्हायत होतां त्येंका! आणि तरी माझ्या पोराच्या नावार चूक लिवल्यानी?"

मग मी अर्ज लिहिला. असला सणसणीत लिहिला की टाइप करताना माझीच बोटं दुखली. धाग्यांचे फोटो जोडले, आकृत्या जोडल्या. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : चौकशीचा निष्कर्ष कायम आहे. माझं डोकं फिरलं. वाट लागली तरी बेहत्तर, म्हटलं, आता पुरावा आणायचाच. दिनूच्या जुन्या पत्रांत त्याच्या तुकडीतल्या अभयचं नाव होतं, मुलुंडचा मुलगा. त्याला मी शोधून काढलं. तो रजेवर आला तेव्हा मीच त्याला एका रविवारी दुपारी वर्सोव्याला घेऊन गेले. मीच. मेस्त्रींनी नव्हतं सांगितलं, काकींनी तर नाहीच.

अभय भला पोर. काकींच्या पाया पडला, लटकणारी विमानं न्याहाळत बसला. मेस्त्रींनी त्याला पेटीतला सगळा प्रकार सांगितला. तो मान हलवत होता. "बरोबर आहे काका. असंच होतं. आम्हा सगळ्यांना माहितीये." मेस्त्रींनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग अभय घसा खाकरून म्हणाला, "पण काका, तसं झालं की स्टिक पुढे ढकलायची असते. दिनूला ते येत होतं हो, सगळं येत होतं. फक्त एक सवय होती त्याची. घाबरला की स्टिक पोटाशी ओढून धरायचा. घट्ट. इन्स्ट्रक्टर ओरडून ओरडून थकले. आम्ही त्याला होडीवाला म्हणून चिडवायचो. जवळजवळ गेलीच होती ती सवय. त्या दिवशी मी मागच्या विमानात होतो. रेडिओवर मी ओरडलो, पुढे घे, पुढे घे. पण नंतर जे सापडलं त्यात स्टिक मागेच होती. पोटाशी."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं की आपण फक्त मित्राची एक जुनी सवय सांगितली. मला वाटलं की झालं, आता मेस्त्री अभयवर खेकसतील. पण मेस्त्री काकींकडे बघत होते आणि काकी त्यांच्याकडे. काकींनी पदर तोंडात कोंबला.

मग मेस्त्री बोलले ते इतकं हळू की अभयला पुढे वाकावं लागलं. दुरुस्त झालेली प्रत्येक होडी ते स्वतः खाडीच्या मुखापर्यंत नेऊन तपासायचे, आणि सुकाणूवर बसवायचे दिनूला. सहा वर्षांचा असल्यापासून. परत येताना लाटा मागून यायच्या. लाट सुकाणूवर आपटली की दांडा हातातून हिसकला जायचा आणि हात सैल पडला की होडी आडवी व्हायची. म्हणून मेस्त्री ओरडायचे, दांडो पोटाक धर! काय्येक होवदे, दांडो पोटाक, सोडू नको! एकदा पोराने भीतीने हात सोडला तेव्हा मेस्त्रींनी त्याच्या थोबाडीत मारली होती. "त्येच्यानंतर कधी सोडल्यान नाय," मेस्त्री म्हणाले. "कधी म्हणजे कधीच नाय."

अभय खाली मान घालून बसला. मी उठून बाहेर आले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, बायका हसत-भांडत होत्या, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री संस्थेत आले. नेहमीसारखे चालतच आले. बसले नाहीत. "बाईनू, इंग्रजीत लिवा. चूक वैमानिकाची नाय. चूक त्येच्या बापाची. बापाचा नाव घाला, पत्तो घाला."

मी ओरडले. अक्षरशः ओरडले, बाजूच्या वर्गातली पोरं डोकावली. म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? होडीचं होडीत बरोबर होतं. तुम्ही पोराला बुडण्यापासून वाचवायला शिकवलंत. जमीन दोन बांबूंवर आलेली, काय एक-दीड सेकंद मिळाला असेल त्याला. त्यात कोण काय करणार?

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "दांडो फुडे केल्यान असतो तर वाचलो असतो?"

नाही म्हणायचं होतं मला. दोन अक्षरं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण माझ्या तोंडून अंगात मुरलेल्या मास्तरकीने उत्तर दिलं. मी म्हटलं, "कदाचित."

मेस्त्रींनी मान डोलावली, जणू टेबलाचा सांधा कुठे सुटलाय ते सापडलं. अर्ज मी लिहून दिला नाही. त्यांनी अंधेरीच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून तो करून घेतला आणि पाठवला. नंतर महिनोन् महिने ते घरातून बाहेर पडले नाहीत. होड्या नाहीत, पांगारा नाही. मी जायचे, ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, उशाशी जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. काकी डोळ्यांनीच मला परत जायला सांगायच्या. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग एके दिवशी मेस्त्री संस्थेच्या दारात उभे. दाढी वाढलेली, सदरा खांद्यावर लोंबणारा. हातात पाकीट. "उत्तर इला. वाचा."

मी वाचलं. आपला अर्ज मिळाला. सदर प्रकरण बंद झालेलं आहे, त्यात कोणताही बदल संभवत नाही. यापुढे पत्रव्यवहार करू नये. खाली सही.

मेस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. फळीकडेसुद्धा त्यांनी कधी डोळ्यांनी इतकं बघितलं नसेल. मी कागद समोर धरला आणि वाचायला लागले, मराठीत, सावकाश, अडखळत, भाषांतर करतेय असं भासवत. "आपला अर्ज मिळाला. आपण कळवलेल्या माहितीचा विचार करण्यात आला. वैमानिक दिनकर याच्या नावापुढील चूक काढून टाकण्यात येत आहे. ती वडिलांच्या नावे नोंदवण्यात येत आहे."

"माझ्या नावार?"

"हो. तुमच्या."

"झिलाचा नाव पुसल्यानी?"

"पुसलं."

मेस्त्री हसले. दीड वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात दिसले, एक पडलेला होता. त्यांनी कागदाची घडी घातली, कपाळाला लावली, आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना धरून उभं केलं. "थोरले उपकार झाले, बाईनू. पोर सुटलो," म्हणाले, आणि गेले. मी वर्गात जाऊन पोरांना शिकवलं. काय शिकवलं ते मला आठवत नाही.

ते माझ्याकडे परत आले नाहीत, आणि मलाही वर्सोव्याकडे जायचं धैर्य होईना. कुणीतरी सांगितलं की मेस्त्री कामाला लागले, दोन होड्या पाण्यात गेल्या. आणि जो भेटेल त्याला सांगतात, की माझो झील माझ्या चुकीन गेलो, त्येची काय्येक चूक नाय, सरकारान तसा लिवन दिल्यान हा. मी त्या माणसाला काय दिलं होतं? पोराच्या मरणाची सरकारी पावती, त्याच्या स्वतःच्या नावाने फाडलेली. असा दिवस गेला नाही की वाटलं नाही, आत्ता उठावं, जावं आणि खरं सांगून टाकावं.

शेवटी एकदा गेलेच. कोळीवाड्याच्या तोंडाशी काकी भेटल्या, हातात माशांची पिशवी. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "तो कागद मी औषधवाल्याकडसून वाचून घेतलंय."

मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. "काकी, मी त्यांना आज खरं सांगायला आलेय."

काकींनी माझा दंड धरला. कोळशासारखे काळे, खडबडीत हात, पण पकड अशी की मला पाऊल टाकता येईना.

"सांगू नका त्येंका," म्हणाल्या. "ते आता जेवतत."